बिग ब्लॉक इंजिनाची बांधणी

मोटारगाडी ही वस्तु आतां शहरांतील घराघरांस परिचयाची झाली आहे. तिचा रंग, तिची किंमत, एक लिटर पेट्रोलांत ती किती धांवते, या गोष्टी शाळकरी मुलांनाहि पाठ असतात. मात्र बॉनेट उघडून आंत पाहण्याचा प्रसंग आला, कीं बहुतेक सुशिक्षित माणसें दोन पावलें मागें सरतात आणि मिस्त्रीला बोलावणें धाडतात. अमेरिकेंत मात्र अशीं हजारों माणसें आहेत, कीं ज्यांना बॉनेटखालची वस्तूच सबंध गाडीहून प्रिय वाटते. पन्नास वर्षांपूर्वींच्या गाडीचें इंजिन पार खोलावें, त्याचा प्रत्येक भाग मोजावा, घासावा, तोलावा आणि पुन्हां आपल्या हातांनीं तें उभें करावें, हा त्यांचा छंद. आणि या छंदापायीं ते पैसा, रविवार आणि प्रसंगीं गृहसौख्यहि खर्चीं घालतात.

‘इंजिन बांधणें’ हा शब्दप्रयोग मुंबई-पुण्याच्या गॅरेजांतहि रूढ आहे. घर बांधावें, पागोटें बांधावें, तसें इंजिन. शब्द मोठा समर्पक आहे. कारखान्यांतून निघतें तें इंजिन जुळवलेलें असतें. असा छांदिष्ट कारागीर जें तयार करतो तें बांधलेलें असतें. दोहोंतील फरक एका इंचाच्या हजाराव्या भागांत मोजावा लागतो, आणि इंजिन टिकणार कीं फुटणार हें त्या हजाराव्या भागावरच ठरतें.

ज्या गाड्यांसाठीं हा खटाटोप चालतो त्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. मसल म्हणजे स्नायु. पहिलवानी गाड्या म्हटलें तरी चालेल. या जातीचा आरंभ सामान्यतः १९६४ सालापासून धरतात. मध्यम आकाराच्या गाडींत ३३० घन इंचांहून मोठें इंजिन घालावयाचें नाहीं, असा जनरल मोटर्स कंपनीचा नियम होता. तिच्याच पाँटिअ‍ॅक विभागांतील मंडळींनीं, आणि त्यांत जॉन डिलोरियन हे प्रमुख होते, यांतून पळवाट काढली. गाडी मध्यमच ठेवली, आणि ३८९ घन इंचांचें मोठें इंजिन ‘गिऱ्हाइकानें मागितल्यास जादा सोय’ म्हणून यादींत घातलें. ती गाडी जीटीओ. तरुण गिऱ्हाइकांनीं तिच्यावर अशी उडी घातली, कीं वरिष्ठांना नियम मोडणाऱ्यांची कानउघाडणी करण्याऐवजीं नियमच सैल करावा लागला. मर्यादा ४०० घन इंचांवर गेली, आणि १९७० सालच्या गाड्यांसाठीं तीहि उठली. त्याच वर्षीं शेव्हरोले विभागानें आपल्या शेव्हेल नांवाच्या मध्यम गाडींत ४५४ घन इंचांचें इंजिन बसवलें. त्याचा सर्वांत तापट प्रकार ‘एल्-एस्-सिक्स’ या नांवानें ओळखला जातो. जाहिरातींतील त्याचा आंकडा ४५० अश्वशक्ति. अशा गाड्या सुमारें साडेचार हजारच निघाल्या. हवेच्या शुद्धतेचे कायदे, विम्याचे चढते दर आणि १९७३ सालची तेलटंचाई यांनीं मिळून तीन-चार वर्षांत या पर्वावर पडदा पाडला.

या इंजिनाची कुळकथाहि थोडी चमत्कारिक आहे. १९६३ सालीं फ्लोरिडा प्रांतांतील डेटोनाच्या शर्यतींत शेव्हरोले गाड्यांत एक नवेंच इंजिन दिसलें. तें कोठून आलें, आंत काय आहे, याचा बाहेर कोणास थांग नव्हता. म्हणून लोकांनीं त्याला ‘गूढ इंजिन’ असें नांव ठेवलें. पात्रतेच्या दोन्ही शर्यती त्यानें जिंकल्या; मुख्य शर्यत मात्र फोर्ड गाडीनें मारली. त्याच सुमारास कंपनीनें शर्यतींतून अंग काढून घेतलें. पण रचना वांया गेली नाहीं. ती सुधारून १९६५ सालीं ३९६ घन इंचांचें इंजिन म्हणून बाजारांत आली, पुढें ४२७ झाली आणि १९७० सालीं ४५४. या इंजिनाचे व्हॉल्व्ह, म्हणजे वायु आंत घेणाऱ्या व धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, एका ओळींत सरळ उभ्या नसून वेगवेगळ्या दिशांना कललेल्या असतात. वरचें झांकण काढलें, कीं त्यांच्या दांड्या साळिंदराच्या कांट्यांसारख्या विस्कटलेल्या दिसतात. आणि मेकॅनिक लोक या हेडला ‘साळिंदर’ असेंच म्हणतात. दिसण्यांतला हा अव्यवस्थितपणा मुद्दाम योजलेला आहे. झडप कलती ठेवल्यामुळें आंत येणाऱ्या वायूचा मार्ग कमी वळणाचा होतो आणि उघडलेली झडप नळकांड्याच्या भिंतीपासून दूर सरते.

‘बिग ब्लॉक’ म्हणजे केवळ जास्त घन इंच, असा समज पुष्कळांचा असतो. तो बरोबर नाहीं. याच कंपनीचें ४०० घन इंचांचें ‘स्मॉल ब्लॉक’ इंजिनहि होतें, आणि ३९६ घन इंचांचें इंजिन ‘बिग ब्लॉक’ म्हणवत होतें. नांव पडतें तें ओतीव सांगाड्यावरून. शेजारशेजारच्या दोन नळकांड्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर लहान ब्लॉकमध्यें ४.४० इंच असतें, मोठ्यांत ४.८४. त्या पाव-अर्ध्या इंचानें सबंध देह वाढतो, आणि बिडाचें हें इंजिन सुमारें ६८५ पौंडांचें होऊन बसतें. ४५४ या आंकड्याचा हिशेब शाळेंतील मुलालाहि करतां येईल. नळकांड्याचा व्यास ४.२५ इंच, पिस्टनची धांव ४ इंच, आणि अशीं नळकांडीं ८. वर्तुळाचें क्षेत्रफळ काढून धांवेनें व आठानें गुणलें, कीं ४५४ घन इंच येतात. म्हणजे जवळ जवळ ७.४ लिटर. मुंबईच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षें धांवलेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचें सबंध चार नळकांड्यांचें इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचें होतें. शेव्हेलच्या या इंजिनाचें एकच नळकांडें ९३० घन सेंटिमीटरचें आहे!

आतां अशी एखादी गाडी वर्कशॉपांत आली, तिचें इंजिन सांखळीनें उचलून बाहेर काढलें आणि पुरें खोललें, असें समजूं. पहिला प्रश्न उभा राहतो तो यंत्रविद्येचा नसतो, तो प्रामाणिकपणाचा असतो. ब्लॉकच्या पुढच्या अंगाला, उजव्या हेडच्या लगत, एक लहानशी सपाट पट्टी आहे. तिच्यावर कारखान्यानें कांहीं अक्षरें व आंकडे ठोकलेले असतात. आरंभीं ‘टी’, म्हणजे न्यूयॉर्क संस्थानांतील टोनावांडा येथील कारखाना. मग महिना व तारीख. शेवटीं तीन अक्षरें, कीं ज्यांवरून इंजिनाचा प्रकार कळतो. ‘सी-आर्-व्ही’ असलें तर हाती गिअरच्या शेव्हेलसाठीं बांधलेलें एल्-एस्-सिक्स. या पट्टीवरील अक्षरें आणि गाडीचे कागद यांचा मेळ बसला, तर त्या गाडीला लाखाहून अधिक डॉलर मोजणारीं माणसें आहेत. मेळ बसला नाहीं, तर तीच गाडी, तोच रंग, तोच आवाज. पण किंमत उतरते.

अडचण अशी, कीं ही पट्टी ब्लॉकच्या माथ्याच्याच पातळींत आहे. पन्नास वर्षें तापून व निवून तो माथा किंचित् वांकलेला असतो. त्यावर हेड घट्ट बसावें, गॅस्केटमधून वायु फुटूं नये, म्हणून चांगला कारागीर माथ्यावरून यंत्राची धार फिरवून तो सपाट करतो. ती धार पट्टीवरूनहि गेली, कीं जन्मदाखला पुसला जातो. मग कांहीं लोक तींच अक्षरें पुन्हां ठोकून घेतात. याला दुसरें नांव नाहीं. ही फसवणूक आहे. जाणते परीक्षक अक्षरांकडे नंतर पाहतात. आधीं भिंगांतून पट्टीवरच्या बारीक समांतर रेघा शोधतात. कारखान्याच्या यंत्रानें त्या ओढलेल्या असतात आणि नव्या धारेखालीं त्या नाहींशा होतात. काळजीवाला कारागीर धार पट्टीच्या अलीकडेच थांबवतो. त्यानें पट्टी वाचते. पण जेथें धार थांबली तेथें एक सूक्ष्म पायरी राहते, आणि गॅस्केटची कड तिच्याजवळ येत नाहीं ना, हें त्याला पहावें लागतें.

दुसरा प्रश्न भिंतींचा. नळकांडें झिजून लांबट गोल झालें असेल, तर तें थोडें मोठें कोरून पुन्हां गोल करावें लागतें. यालाच गॅरेजांत ‘बोअर करणें’ म्हणतात. व्यास ०.०३० इंचानें वाढवला तर घनफळ सुमारें ४६० होतें, ०.०६० इंचानें वाढवला तर ४६७. सात घन इंच जास्त मिळाले म्हणून हर्ष मानणारे पुष्कळ. पण ते इंच भिंतींतून कापून घेतलेले असतात. ओततांना आंतला वाळूचा सांचा जरा सरकला, तर भिंत एका बाजूला जाड व दुसऱ्या बाजूला पातळ होते, आणि बाहेरून तें कळत नाहीं. म्हणून ध्वनिलहरींचें यंत्र भिंतीला लावून तिची जाडी जागोजाग मोजतात. कनेक्टिंग रॉड तिरपा असल्यामुळें पिस्टन ज्या बाजूला रेलतो, त्या बाजूची जाडी निदान ०.२०० इंच असावी, असा अनुभवी लोकांचा दंडक आहे. तीहून कमी निघाली, तर शहाणा माणूस तेथेंच थांबतो. मूळ ब्लॉकला तेल लावून, कापडांत गुंडाळून तो कोपऱ्यांत ठेवतो आणि दुसऱ्या ब्लॉकवर काम सुरूं करतो. शर्यतीचा जोर काढावयाचा असेल तर कित्येक जण भिंत जाड असली तरी हाच मार्ग पत्करतात. मूळ ब्लॉक एकदां फुटला कीं कितीहि पैसा ओतून तो परत मिळत नाहीं.

नळकांडें गोल करण्याची रीतहि ऐकण्यासारखी आहे. उघडा ब्लॉक कोरून अगदीं गोल केला आणि मग त्यावर हेड ठेवून बोल्ट आंवळले, कीं गोल नळकांडें पुन्हां वेडेंवांकडें होतें. बीड वज्रासारखें वाटतें. पण या इंजिनाचे हेड-बोल्ट ८० फूट-पौंडांपर्यंत पिळले जातात आणि तेवढ्या ओढीनें भिंती हलतात. म्हणून कारागीर सुमारें दोन इंच जाडीचा लोखंडी तक्ता हेडच्या जागीं तितक्याच जोरानें आंवळतो, आणि त्या तक्त्याला पाडलेल्या भोंकांतून आंतील घासकाम करतो. म्हणजे तक्ता काढल्यावर नळकांडें किंचित् वांकडें होतें, आणि हेड बसल्यावर पुन्हां गोल. ही युक्ति ज्याला प्रथम सुचली असेल, त्याच्या बुद्धीचें कौतुकच करावयास हवें.

पिस्टनवर काय गुदरतें, याची कल्पना बाहेरून येत नाहीं. मिनिटाला ६००० फेरे, म्हणजे सेकंदाला १००. प्रत्येक फेऱ्यांत पिस्टन वर एकदां व खालीं एकदां थांबतो. सेकंदांत २०० वेळां थांबणें व २०० वेळां पुन्हां धांव घेणें. वरच्या टोंकाशीं त्याला जो हिसका बसतो तो गुरुत्वाकर्षणाच्या सुमारें २७०० पट असतो. पिस्टन पाऊण किलोग्रामचा धरला, तरी त्या क्षणीं तो दोन टनांच्या ओझ्यासारखा रॉडला ओढतो. ही ओढ ज्या दोन बोल्टांवर येते ते करंगळीहून जाड नसतात. म्हणून क्रँकशाफ्ट घडीव पोलादाचा, रॉड घडीव, पिस्टनहि घडीव अ‍ॅल्युमिनिअमचे. आणि रॉडचे बोल्ट नवे कोरे घ्यावयाचे. वेडसरपणे काटकसर करणारे लोक येथेंच जुने बोल्ट पुन्हां वापरतात. रॉड सुटला, कीं तो ब्लॉकची भिंत फोडून रस्त्यावर येतो, आणि सहा महिन्यांचें काम अर्ध्या सेकंदांत संपतें.

आठहि पिस्टन व आठहि रॉड तराजूंत घालून, सर्वांत हलक्याच्या वजनाला बाकीचे घासून आणतात. सोनाराच्या दुकानांत शोभावें असें हें दृश्य असतें. त्यानंतर बेअरिंग. क्रँकशाफ्ट बेअरिंगला टेकत नाहीं. दोहोंमध्यें तेलाचा पातळ पडदा असतो आणि शाफ्ट त्या पडद्यावर तरंगतो. दर इंच व्यासाला एक हजारांश इंच फट, हें जुनें गणित. मुख्य बेअरिंगचा व्यास २.७५ इंच, म्हणून फट अडीच ते तीन हजारांश इंच, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीइतकी. फट कमी पडली तर तेल शिरत नाहीं, जास्त झाली तर तेल वाहून जातें आणि दाब उतरतो. ती मोजण्यासाठीं एक मऊ, बारीक प्लॅस्टिकचा धागा मिळतो. तो मध्यें ठेवून टोपी आंवळावयाची, पुन्हां काढावयाची, आणि धागा किती चेपटला तें कागदी पट्टीवर पहावयाचें. चोखंदळ लोक त्यावर न विसंबतां मायक्रोमीटरनें मोजतात, आणि तेंच योग्य.

मूळ एल्-एस्-सिक्स इंजिनांत वायु ११.२५ पटीनें दाबला जात असे. त्या काळचें पेट्रोल शिशाच्या संयुगानें बळकट केलेलें होतें. शिसें हें विष आहे, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला. अमेरिकेंत रस्त्यावरील गाड्यांसाठीं शिसेयुक्त पेट्रोल हळूहळू कमी होत १ जानेवारी १९९६ पासून बंदच झालें. तें गेलें हें उत्तम झालें. परंतु जुन्या इंजिनांना त्याची दुहेरी संवय होती. शिशाचा थर झडपांच्या बैठकीवर गादीसारखा बसत असे. तो नाहींसा झाल्यावर झडप बिडाच्या बैठकीवर आपटून आपटून खोल जाऊं लागते. यावर उपाय सोपा आहे: बैठक कोरून तेथें कठीण पोलादाचें कडें ठोकून बसवितात. दुसरी संवय मोडणें कठीण. फार दाबलेला वायु आजच्या पंपावरील ९१ ते ९३ आंकड्याच्या पेट्रोलाबरोबर ठिणगीनें पेटल्यावर रीतसर जळत न जातां उरलेला भाग एकदम भडकतो. डब्यांत खडे वाजावेत तसा आवाज येतो, आणि तो आवाज चालूं राहिला तर पिस्टनच्या माथ्याला भोंक पडतें.

मग दाब उतरवावयाचा किती? रस्त्यावर चालवावयाच्या बिडाच्या हेडसाठीं बहुतेक कारागीर ९.५ च्या आसपास येतात. येथें गणितच कामाला येतें. नळकांड्याचें घनफळ ९३० घन सेंटिमीटर. ११.२५ पट दाबावयाचें तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा सुमारें ९१ घन सेंटिमीटर हवी, ९.५ पटीसाठीं १०९. फरक अठरा-एकोणीस घन सेंटिमीटरचा, म्हणजे चहाचे चार चमचे! त्या चार चमच्यांवर पिस्टनचें आयुष्य अवलंबून आहे. ही जागा मोजण्याची रीत रसायनशाळेंतून उचललेली आहे. हेड उलटें ठेवावयाचें, त्याच्या खळग्यावर भोंक पाडलेली पारदर्शक कांच वंगण लावून बसवावयाची, आणि ब्युरेटमधून रंगीत द्रव थेंब थेंब सोडावयाचा. शेवटचा हवेचा बुडबुडा गेला कीं ब्युरेटवरचा आंकडा वाचावयाचा. शाळेंत ज्यांना ब्युरेटचा कंटाळा येत असे, अशीं माणसें पन्नाशींत आठहि खळगे तीन तीनदां मोजतांना दिसतात.

या छंदांतील खरा शत्रु हांव आहे. सर्व कांहीं मोठें घ्यावें, असें नवशिक्याला वाटतें: मोठे व्हॉल्व्ह, मोठे वायुमार्ग, झडपा फार वेळ उघड्या ठेवणारा कॅमशाफ्ट, मोठा कार्बोरेटर. या इंजिनाच्या हेडमध्यें दोन जाती आहेत. एकीचे वायुमार्ग लंबगोल, दुसरीचे मोठे चौकोनी. एल्-एस्-सिक्सला चौकोनी होते आणि २.१९ इंचांची इनटेक झडप होती. उंच फेऱ्यांवर तें शोभतें. पण गाडी बाजारांतून हळू चालवितांना त्या प्रशस्त मार्गांतून वायूचा वेग मंदावतो, आणि इंजिन खोकूं लागतें. रुंद झालेल्या पात्रांत नदी संथ होते, तसेंच हें. रोज रस्त्यावर चालविणाऱ्याला लंबगोल मार्गच अधिक सुख देतात, असें अनुभवी मंडळी सांगतात. नवशिके ऐकत नाहींत. कार्बोरेटरचेंहि तेंच. इंजिन दोन फेऱ्यांत एकदां आपलें घनफळभर वायु ओढतें. ६००० फेऱ्यांना ४५४ घन इंच या हिशेबानें मिनिटाला ७८८ घनफूट येतात. कंपनीनें होली बनावटीचा ७८० घनफुटांचा कार्बोरेटर बसवला होता. हजार घनफुटांचा कार्बोरेटर विकत घेऊन मिरविणाऱ्यांनीं हा गुणाकार एकदां करून पहावा.

झडप उघडतांना पिस्टनला तर लागणार नाहीं, हें पाहण्याचा उपाय मुलांच्या खेळण्यांतला आहे. पिस्टनच्या माथ्यावर मातीची मऊ पट्टी ठेवतात, हेड तात्पुरतें बसवून क्रँकशाफ्ट हातानें दोन फेरे फिरवितात, आणि हेड उचलून मातींत उमटलेला ठसा चाकूनें कापून त्याची जाडी मोजतात. इनटेकच्या बाजूला ०.०८० इंच व एक्झॉस्टच्या बाजूला ०.१०० इंच जागा हवी.

जुळणीच्या आधीं धुणें. घासकामानंतर नळकांड्यांत धारदार दगडाची जी भुकटी राहते ती पेट्रोलनें निघत नाहीं. तिला गरम पाणी, साबण आणि ब्रश लागतो. धुवून, वाळवून, तेल लावून मग पांढऱ्या स्वच्छ फडक्यानें आंतून पुसावयाचें. फडकें करडें निघालें तर पुन्हां धुवावयाचें. चार वेळां, पांच वेळां. घरांत कधीं पेला न विसळणारे गृहस्थ या कामांत इतके सोंवळे होतात, याचें त्यांच्या कुटुंबियांस फार नवल वाटतें.

आणि मग तो दिवस येतो. इंजिन एका मजबूत चौकटीवर किंवा शक्ति मोजणाऱ्या यंत्रावर बसवलेलें असतें. डिस्ट्रिब्यूटरच्या भोंकांतून लांब दांडा घालून, ड्रिलनें ऑइल पंप फिरवून तेल आधींच सर्व अंगांत खेळवलेलें असतें. इंधन भरलेलें, ठिणगीची वेळ जुळवलेली. कारण इंजिन पहिल्याच फटक्यास सुरूं व्हावयास हवें. जुन्या पद्धतीच्या कॅमशाफ्टवर सपाट बुडाचे टॅपेट घासत असतात. त्यांचीं बुडें खरोखर पूर्ण सपाट नसतात, अगदीं किंचित् फुगीर असतात. कॅमच्या उंचवट्यालाहि किंचित् उतार असतो. त्यामुळें टॅपेट घासत न राहतां आपल्याभोंवतीं फिरतो. हें फिरणें पहिल्या वीस-तीस मिनिटांत जमलें तर कॅमशाफ्ट वर्षानुवर्षें टिकतो. न जमलें तर त्या वीस मिनिटांतच उंचवटा झिजून गोल होतो, आणि झिजलेल्या पोलादाची भुकटी तेलाबरोबर प्रत्येक बेअरिंगमध्यें पोंचते. सबंध इंजिन पुन्हां खोलावें लागतें.

या वीस मिनिटांत इंजिन मंद चालवावयाचें नाहीं. कॅमला तेल मिळतें तें मुख्यतः फिरत्या क्रँकशाफ्टनें उडविलेल्या शिंतोड्यांतून. फेरे कमी तर शिंतोडे कमी. म्हणून पहिल्या ठिणगीपासून २००० ते २५०० फेरे. झडपांना दुहेरी स्प्रिंगा असतील तर आंतल्या स्प्रिंगा तेवढ्यापुरत्या काढून ठेवतात, म्हणजे दाब हलका पडतो. तेलहि पाहून घ्यावें लागतें. जुन्या तेलांत जस्त व फॉस्फरस यांचें एक संयुग भरपूर असे, आणि तें घासणाऱ्या पृष्ठांवर संरक्षक कवच चढवीत असे. आधुनिक गाड्यांच्या धूर शुद्ध करणाऱ्या उपकरणांना फॉस्फरस बाधतो. म्हणून नव्या तेलांत तें संयुग कमी केलेलें आहे. हें ज्यांना ठाऊक नव्हतें अशा कित्येकांचे नवे कॅमशाफ्ट बाजारांतलें उत्तम तेल घालूनहि पहिल्या दिवशींच गेले. या जाचाला कंटाळून आतां बहुतेक जण चाकाचे टॅपेट असलेला कॅमशाफ्ट घेतात. तो महाग पडतो, पण पहिल्या वीस मिनिटांची धास्ती उरत नाहीं.

शक्ति मोजण्याचे आंकडेहि जपून ऐकावेत. अश्वशक्ति म्हणजे टॉर्क, अर्थात् पिळण्याचा जोर, गुणिले फेरे, भागिले ५२५२. एल्-एस्-सिक्सचा टॉर्क ३६०० फेऱ्यांना ५०० फूट-पौंड छापलेला होता, आणि ४५० अश्वशक्ति ५६०० फेऱ्यांना. पण ते मोजमाप पंखा, सायलेन्सर वगैरे लोढणीं न लावतां घेतलेलें होतें. १९७२ सालापासून लोढण्यांसह मोजण्याची रीत आली. १९७१ सालीं ३६५ अश्वशक्ति म्हणून विकलें गेलेलें सौम्य ४५४ इंजिन त्यामुळें पुढल्या वर्षीं कागदावर २७० चें झालें. आंत फारसें कांहीं न बदलतां! आजचा कारागीर व्यास ०.०६० इंचानें व धांव पाव इंचानें वाढवून त्याच सांगाड्यांतून ४९६ घन इंच काढतो, आणि पंपावरच्या पेट्रोलावर ५५० ते ६०० अश्वशक्ति मिळवितो. ते आंकडे मात्र बहुधा पुन्हां जुन्याच रीतीचे, लोढण्यांवांचूनचे असतात.

वीस मिनिटें भरतात. एक्झॉस्टचे नळ लाल होऊन हळूहळू काळे पडूं लागतात. कानांवरील आच्छादनें काढल्यावर वर्कशॉपांत एकदम शांतता वाटते. अद्याप कोणी हंसत नाहीं, हात मिळवीत नाहीं. तेल निवल्यावर कारागीर ऑइल फिल्टर काढतो, त्याचा डबा गोल कापून उघडतो, आंतील घडीदार कागद सुरीनें सोडवून टेबलावर लांब पसरतो, आणि दिव्याखालीं प्रत्येक घडी उलगडून पाहूं लागतो. कॅमला लावलेल्या वंगणाचा काळा राप तेथें असणारच. त्या काळ्या रापांत चमकणारा पोलादाचा कण दिसतो कीं नाहीं, एवढेंच तो पाहत असतो. आणि तीस-चाळीस घड्या शेवटपर्यंत तपासून होईतों मालक त्याच्या खांद्याशीं न बोलतां उभा असतो.